हवाई रुग्णवाहिका : वेग आकाशात, विलंब जमिनीवर

६ मे २०२१ या एकाच दिवशी देशातील दोन छोट्या विमानांवर संकट ओढवले. मध्य प्रदेश सरकारचे विमान रेमडेसिव्हिरची खोकी घेऊन ग्वाल्हेरच्या धावपट्टीवर उतरत असताना टोकाच्या अडथळ्याला आदळले. विमानातील माणसांचे प्राण वाचले, पण विमानाचे जबर नुकसान झाले. त्याच दिवशी नागपूरहून रुग्णाला घेऊन निघालेल्या एका हवाई रुग्णवाहिकेचे चाक उड्डाण करतानाच निखळून पडले. वैमानिकाने ते विमान मुंबईला नेऊन फेसाचा थर पसरलेल्या धावपट्टीवर पोटावर उतरवले. रुग्ण, डॉक्टर आणि इतर सारे सुखरूप बाहेर आले.

कोविडच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस होते. भोपाळ, इंदूर, नागपूर अशा मध्य भारतातील शहरांमधून अत्यवस्थ रुग्ण हैदराबाद, चेन्नई आणि मुंबईकडे विमानाने हलवले जात होते. तोवर धनाढ्यांची वा मंत्र्यांची सोय मानली जाणारी हवाई रुग्णवाहिका त्या काळात मध्यमवर्गीय घरांतही चर्चेचा विषय झाली. जमीन, दागिने, मुदत ठेवी यांचा हिशेब मांडत माणसे एकच प्रश्न विचारू लागली : विमान मिळेल का?

आज पाच वर्षांनी मध्य प्रदेशात चित्र बदलले आहे. २०२४ साली त्या राज्याने ‘पीएम श्री हवाई रुग्णवाहिका सेवा’ सुरू केली. एक विमान आणि एक हेलिकॉप्टर, सोबत अतिदक्षता विभागातील उपकरणे आणि प्रशिक्षित चमू, असे तिचे स्वरूप आहे. आयुष्मान कार्डधारकांना ती मोफत आहे, इतरांना ठरवून दिलेल्या दराने. गरीब रुग्णाला सरकारी खर्चाने आकाशमार्गे नेण्याची व्यवस्था स्वागतार्हच आहे. मात्र विमान मिळाले म्हणजे रुग्ण वाचला, असा अर्थ काढता येत नाही. रुग्णाचे भवितव्य बहुधा हवेतल्या दीड तासात ठरत नाही. त्याआधी आणि त्यानंतर जमिनीवर जे घडते, त्यातच ते ठरते. भोपाळचा अनुभव तपासायचा तो याच अंगाने.

खाटेपासून खाटेपर्यंत

भोपाळ ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे ६०० किलोमीटर. मुंबई आणि हैदराबाद साधारण ६५० ते ७०० किलोमीटरच्या टप्प्यात येतात, चेन्नई सुमारे १,२०० किलोमीटरवर. हवाई रुग्णवाहिका म्हणून सर्रास वापरले जाणारे दोन पंख्यांचे छोटे विमान ताशी ४५० ते ५०० किलोमीटर वेगाने दिल्ली दीड तासाच्या आत गाठते. जाहिरातींत हाच आकडा सांगितला जातो.

रुग्णाचा प्रवास मात्र विमानतळापासून विमानतळापर्यंत नसतो. तो एका खाटेपासून दुसऱ्या खाटेपर्यंतचा असतो. खासगी कंपनीचे विमान दिल्लीत उभे असेल तर ते आधी रिकामे भोपाळला यावे लागते. त्यात दीड तास गेला. विमानासोबत आलेल्या डॉक्टरांनी रुग्णाला तपासून त्याची नळी, रक्तवाहिनीतील सुया, औषधांचे पंप आणि व्हेंटिलेटर आपल्या उपकरणांवर घेण्यास तासभर लागतो. भोपाळचे एम्स शहराच्या एका बाजूला साकेतनगरात, तर राजा भोज विमानतळ दुसऱ्या बाजूला बैरागढच्या पलीकडे. भर गर्दीत हे अंतर कापायला पाऊण तास सहज जातो. मग उड्डाण, आणि शेवटी दिल्लीच्या रस्त्यावरचा एक तास. सारे सुरळीत झाले तरी हा हिशेब पाच ते सहा तासांवर जातो. विमान राज्यातच तैनात असले की पहिला दीड तास वाचू शकतो. सरकारी सेवेचा खरा वैद्यकीय लाभ हाच आहे.

ग्रुप कॅप्टन वरुण सिंह यांचे उदाहरण या संदर्भात आठवण्यासारखे आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातातून जिवंत हाती लागलेले ते एकटेच. त्यांचे कुटुंब भोपाळचे. दुसऱ्या दिवशी त्यांना वेलिंग्टनच्या लष्करी इस्पितळातून बंगळुरूला हलवण्यात आले. देशाच्या हवाई दलाचीच विमाने दिमतीला होती, तरीही आधी घाटातून रस्त्याने सुलूरच्या हवाई तळापर्यंत जावे लागले आणि मगच विमान मिळाले. १५ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या उपचारात कोणतीही कसर राहिली नव्हती. तरीही डोंगर, रस्ता आणि जखमांचे गांभीर्य यांच्यापुढे विमानाला मर्यादा असतात, हे त्या प्रवासाने दाखवून दिले.

सामान्य माणसाच्या वाट्याला याहून अधिक खडतर वाट येते. एप्रिल २०२१ मध्ये सागरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एका डॉक्टरची फुप्फुसे कोविडने निकामी होत आली, तेव्हा त्याला आधी रस्त्याने भोपाळला आणि तेथून विमानाने हैदराबादला नेण्यात आले. राज्य सरकार पाठीशी उभे राहिले म्हणून ते शक्य झाले. सागरपासून भोपाळपर्यंतचा रस्ता मात्र टळला नाही.

आकाशातली हवा

दुसरी बाब शरीरशास्त्राची. रुग्णाला विमानात घेणे म्हणजे अतिदक्षता विभाग उचलून आकाशात ठेवणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. उड्डाणात विमानाच्या आतील हवेचा दाब समुद्रसपाटीइतका राहत नाही. तो बहुधा सहा ते आठ हजार फूट उंचीवरील डोंगरमाथ्याइतका असतो. आठ हजार फुटांवर श्वासातून मिळणाऱ्या प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांशच राहतो. निरोगी प्रवाशाला ते जाणवतही नाही. ज्याचे फुप्फुस जमिनीवरच शंभर टक्के प्राणवायूवर कसेबसे तगून आहे, त्याच्यासाठी मात्र हाच फरक जीवघेणा ठरू शकतो.

दाब कमी झाला की बंदिस्त वायू प्रसरण पावतो, त्या उंचीवर साधारण एक-तृतीयांशाने. छातीच्या पोकळीत हवा साचली असेल, डोक्याच्या दुखापतीत कवटीच्या आत हवा शिरली असेल, आतडे अडकून फुगले असेल, तर ती हवा शरीराच्या आतच वाढते. म्हणून छातीतील हवा काढणारी नळी उड्डाणापूर्वी घालावी लागते आणि श्वासनलिकेतील नळीच्या फुग्याचा दाब वारंवार तपासावा लागतो. काही रुग्णांसाठी विमान मुद्दाम कमी उंचीवर न्यावे लागते. त्यात इंधन अधिक जळते आणि खराब हवामानाशी गाठ पडते.

प्राणवायूचा हिशेबही जमिनीवरच करावा लागतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला चार तासांसाठी २,४०० लिटर हवे. विलंब, हवामान, विमानतळ बदलणे, हे गृहीत धरून त्याच्या दुप्पट साठा बाळगणे शहाणपणाचे. हवेत असताना हा साठा भरून घेण्याची कोणतीही सोय नसते.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. रुग्णाला हलवण्यापूर्वी स्थिर करणे हे त्याला हलवण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, आणि ते मूळ इस्पितळातच व्हावे लागते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध जिल्हा इस्पितळात तातडीने द्यायचे असते. पक्षाघातात अशा औषधाची मुदत जेमतेम साडेचार तासांची. हे उपचार सोडून विमानाची वाट पाहत बसणे म्हणजे वेळ वाचवण्याच्या नावाखाली वेळ गमावणे होय. ज्या जिल्ह्यातील इस्पितळात रुग्णाला स्थिर करणारा डॉक्टर रात्री उपलब्ध नाही, त्या जिल्ह्याला विमानाचा लाभही अर्धाच मिळणार.

निर्णय कोणाचा?

मध्य प्रदेशच्या योजनेत मागणी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या शिफारशीने पुढे सरकते. मंजुरी प्रशासनाकडून मिळते. जवळच्या प्रवासाला जिल्हाधिकारी पुरेसे असतात. विभाग वा राज्य ओलांडायचे झाल्यास ती पायरी वर चढते. सरकारी पैशाचा गैरवापर होऊ नये म्हणून ही साखळी समजण्यासारखी आहे. प्रश्न असा की, रात्री अकरा वाजता आलेल्या मागणीवर सही किती वाजता होते? आणि ज्याच्याकडे कोणी आमदार वा पुढारी फोन करायला नाही, त्याची मागणी इतरांच्याच वेगाने पुढे जाते का?

सेवेची जाहिरात किती उड्डाणे झाली यावर होते. खरे मोजमाप वेगळे हवे. मागणी किती वाजता आली, मंजुरी किती वाजता मिळाली, रुग्ण दुसऱ्या खाटेवर किती वाजता पोहोचला आणि महिन्याभराने तो हयात होता का, या चार नोंदी प्रत्येक उड्डाणासाठी नाव गाळून प्रसिद्ध केल्या, तर वर्षभरात योजनेचे खरे रूप समोर येईल. किती मागण्या नाकारल्या आणि कोणत्या कारणाने, ही पाचवी नोंद त्याहून बोलकी ठरेल. ‘रुग्ण प्रवासास योग्य नव्हता’ आणि ‘विमान दुसऱ्या कामावर होते’ या दोन कारणांत फार मोठे अंतर आहे. पहिला वैद्यकीय निर्णय आहे, दुसरी व्यवस्थेची त्रुटी.

‘नको’ म्हणण्याचे धैर्य हाही या निर्णयाचाच भाग आहे. वाचण्याची शक्यता जवळजवळ उरलेली नसताना कुटुंब अखेरचा उपाय म्हणून विमान मागते. त्या घडीला त्यांना समजावून सांगणारा, आकडे आणि धोके प्रामाणिकपणे मांडणारा ज्येष्ठ डॉक्टर समोर नसेल, तर विमान कंपनीचा दलाल ती जागा भरून काढतो. दलालाला ‘नको’ म्हणण्यात कोणताही लाभ नसतो.

खर्चाची दुसरी बाजू

रेवा भागातील एका शेतकऱ्याची कहाणी या संदर्भात विसरता येणार नाही. मे २०२१ मध्ये कोविडने फुप्फुसे निकामी झाल्यावर त्याला हवाई रुग्णवाहिकेने चेन्नईला नेण्यात आले. तेथे जवळपास आठ महिने उपचार चालले आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. कुटुंबाने जमीन विकली आणि एकूण खर्च आठ कोटी रुपयांच्या घरात गेला, असे त्या वेळच्या बातम्यांत नमूद आहे. विमानाचे भाडे हा त्या खर्चाचा अगदी छोटा हिस्सा असणार. विमान रुग्णाला महागड्या इस्पितळाच्या दारात सोडते आणि परत जाते. पुढचे बिल कुटुंबाचे असते.

आयुष्मान योजनेचे कवच कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांचे आहे. उड्डाण मोफत मिळाले तरी परराज्यातील अतिदक्षता विभागात हे कवच किती दिवस पुरेल, हा हिशेब उड्डाणापूर्वीच मांडावा लागतो. कार्ड नसलेल्या, पण श्रीमंतही नसलेल्या मोठ्या वर्गाची कोंडी त्याहून बिकट आहे. दोन-चार एकरांचा शेतकरी, छोटा दुकानदार, निवृत्त शिक्षक यांच्यासाठी लाखांच्या घरातले भाडे म्हणजे आयुष्यभराची बचत. मध्य प्रदेशने त्यांच्यासाठी दर ठरवून दिला, हे निदान एक पाऊल आहे, कारण भाव आधीपासून ठाऊक असेल तर आणीबाणीच्या रात्री घासाघीस करावी लागत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्नही खर्चाशी जोडलेला आहे. मे २०११ मध्ये पाटण्याहून दिल्लीकडे रुग्ण घेऊन निघालेले छोटे विमान फरिदाबादच्या वस्तीवर कोसळून विमानातील सातही जण आणि जमिनीवरील तिघे ठार झाले. मे २०१६ मध्ये पाटण्याहूनच निघालेली दुसरी हवाई रुग्णवाहिका दिल्लीजवळ नजफगढच्या शेतात उतरवावी लागली. त्या वेळी सुदैवाने सारे बचावले. १७ मे २०२५ रोजी ऋषिकेश एम्सचे रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना आदळले, त्यातही जीवितहानी टळली. रुग्णाची घाई वैमानिकाच्या निर्णयावर लादली जाऊ नये, हे तत्त्व जगभर मानले जाते. हवामान खराब आहे म्हणून वैमानिकाने उड्डाण नाकारले, तर त्यामागे राजकीय फोन जाता कामा नये.

विमान कोणत्या दिशेने उडते?

या साऱ्यात भोपाळने एक आशादायक गोष्टही दाखवली आहे. जानेवारी २०२५ मध्ये जबलपूर येथील एका मेंदूमृत रुग्णाचे हृदय हवाई मार्गाने भोपाळला आणून तेथील एम्समध्ये प्रत्यारोपित करण्यात आले. जबलपूर ते भोपाळ हे हवाई अंतर सुमारे २६० किलोमीटर. रस्त्याने याच प्रवासाला पाच-सहा तास लागतात, आणि शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत धडधडू लागले पाहिजे. अशा वेळी विमानाला पर्याय नाही.

इथे विमान भोपाळहून बाहेर गेले नाही, ते भोपाळकडे आले. हा फरक निर्णायक आहे. रेवाचा रुग्ण भोपाळला येणे आणि भोपाळचा रुग्ण चेन्नईला जाणे या दोन प्रवासांचा अर्थ एक नाही. पहिला राज्यातील व्यवस्था रुग्णापर्यंत पोहोचत असल्याची खूण आहे. दुसरा त्या व्यवस्थेत काय उणे आहे ते सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेवाचा आणि ३१ मे २०२५ रोजी दतिया व सतना येथील विमानतळ सुरू झाले. दूरच्या जिल्ह्यांतून राजधानीकडे रुग्ण आणण्याची शक्यता त्यामुळे वाढली. आता राज्याबाहेर जाणाऱ्या प्रत्येक उड्डाणाची नोंद उपचारानुसार ठेवली, तर भोपाळ, इंदूर वा जबलपूरमध्ये कोणता विभाग आधी उभारायला हवा, याचे उत्तर आपोआप मिळेल.

गोव्यासाठी धडा

मध्य प्रदेशचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक, गोव्याचे ३,७०२. काणकोणहून असो वा पेडण्याहून, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय रस्त्याने दोन तासांच्या आवाक्यात आहे, आणि दाबोळी व मोपा हे दोन्ही विमानतळ बांबोळीपासून फार दूर नाहीत. त्यामुळे राज्याच्या आत रुग्ण हलवण्यासाठी आकाशाची गरज क्वचितच भासेल. गोव्याचा प्रश्न राज्याबाहेर जाणाऱ्या रुग्णाचा आहे. तसाच तो सिंधुदुर्ग आणि कारवारहून ‘गोमेकॉ’च्या दारी येणाऱ्या अत्यवस्थ रुग्णाचाही आहे.

१४ ऑक्टोबर २०१८ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना दिल्लीच्या एम्समधून हवाई रुग्णवाहिकेने गोव्यात आणण्यात आले, ते दृश्य गोमंतकीयांच्या स्मरणात आहे. राज्याच्या प्रमुखासाठी ती व्यवस्था होणे योग्यच होते. प्रश्न त्याच आजाराने ग्रासलेल्या सांग्याच्या वा सत्तरीच्या रुग्णाचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने चार वा अधिक सदस्यांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांचे आणि त्याहून लहान कुटुंबाला अडीच लाखांचे कवच दिले. ते मोलाचे आहे. पण एका लांब पल्ल्याच्या उड्डाणाचे खासगी भाडेच त्या आकड्याच्या आसपास जाऊ शकते.

गोव्याने त्यासाठी स्वतःचे विमान घेण्याची गरज नाही. लहान राज्याला वर्षभर उभे राहणारे विमान परवडणारे नाही, आणि त्याची तितकी गरजही पडणार नाही. त्याऐवजी मुंबई, बंगळुरू येथे विमाने असलेल्या परवानाधारक कंपन्यांशी आगाऊ दरकरार करता येईल. ‘गोमेकॉ’त चोवीस तास उपलब्ध असा ज्येष्ठ डॉक्टरांचा एक कक्ष हवा. रुग्ण प्रवासास योग्य आहे का, पलीकडे खाट आणि विशेषज्ञ खात्रीने आहेत का, आणि पुढच्या महिन्याचा खर्च कुटुंबाला पेलवेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याने दोन तासांच्या आत द्यावीत. कुटुंबाला दलालाच्या दूरध्वनी क्रमांकाऐवजी या कक्षाचा क्रमांक मिळाला पाहिजे.

आणि जोडीला तीच नोंदवही हवी. गेल्या वर्षभरात गोव्याबाहेर किती अत्यवस्थ रुग्ण पाठवले गेले, कोणत्या उपचारांसाठी आणि त्यांचे पुढे काय झाले, हा तपशील विधानसभेच्या पटलावर दरवर्षी ठेवला गेला, तर आरोग्य खात्याच्या पुढील अंदाजपत्रकाची प्राधान्ये ठरवायला वेगळा अहवाल लागणार नाही. बांबोळीत मूत्रपिंड प्रत्यारोपण सुरू झाले, तेव्हापासून त्या उपचारासाठी काही कुटुंबांचा परराज्यातील प्रवास टळला. अशी आणखी कोणती शस्त्रक्रिया, कोणता विभाग येथे उभा राहिला तर पुढचा प्रवास टळेल, याचे उत्तर त्या नोंदवहीत मिळेल. भोपाळकडून गोव्याने घ्यायचे ते एवढेच.